ग्राफची पेटी आणि गिम्प

सोलापूरच्या पूर्व भागात जकार्डचे डिझाइन काढण्यात हयात गेलेल्या माणसाच्या घरी पत्र्याची एखादी पेटी हमखास सापडते. तिच्यात ग्राफचे कागद गुंडाळून ठेवलेले असतात. मोर, कमळ, वेलबुट्टी, चौकडी, एखाद्या देवळाचे शिखर. कागद पिवळे पडलेले असतात, कडा झिजलेल्या असतात. पण कागद उलगडून उजेडात धरला की चौकट न् चौकट मोजता येते. चाळीस वर्षांपूर्वीचा ग्राफ आजही कार्डावर उतरवता येतो. त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही की कोड लागत नाही.

त्याच घरातल्या पुढच्या पिढीची डिझाइने संगणकात आहेत, आणि त्यांची अवस्था त्या पेटीपेक्षा नाजूक आहे. सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालते. डोंगल बिघडला किंवा विकणारी कंपनी बंद पडली, की फाइल डिस्कवर असूनही उघडत नाही. ज्यांच्याकडे डोंगल नाही ते फोटोशॉपची क्रॅक केलेली प्रत वापरतात. ती कोणी दिली, तिच्यासोबत आणखी काय आले, हे ठाऊक नसते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. कारखान्याच्या माळ्यावरचे जुने यंत्र त्यात बसत नाही. म्हणजे नवा संगणक, त्यावर पुन्हा नवी क्रॅक, आणि जुन्या फाइली देवाच्या भरवशावर.

या मासिकाचे सांगणे एवढेच, की हीच वेळ साधून त्या जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स चढवावे आणि डिझाइनचे काम गिम्प या चित्रे काढण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आणावे. फुकट मिळते हे कारण आहेच. मोठे कारण असे, की पत्र्याच्या पेटीतल्या कागदाला जे स्वातंत्र्य होते ते फाइलला परत मिळते.

गिम्प हे काही काल आलेले हौशी लोकांचे खेळणे नव्हे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोघांनी १९९५ मध्ये ते जगापुढे आणले. पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणांसाठी त्यांनी जो साहित्यसंच घडवला, तो जीटीके नावाने पुढे लिनक्सवरच्या कितीतरी प्रोग्रामांचा पाया झाला. २०१२ च्या २.८ आवृत्तीत सगळे काम एका खिडकीत करण्याची सोय आली, २०१८ च्या २.१० मध्ये रंगांची खोली वाढली, आणि मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली. तिच्यात चित्रावर लावलेला फिल्टर मागाहून बदलता किंवा काढून टाकता येतो.

बसवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. लिनक्सच्या प्रकारांपैकी लिनक्स मिंट सोलापूरच्या कारखान्यांना सोयीचे, कारण त्याचा पडदा विंडोजवाल्याला परका वाटत नाही. पेन ड्राइव्हवर मिंट उतरवावे आणि संगणक त्यावरूनच सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता सगळे चालवून बघता येते. प्रिंटर, स्कॅनर आणि वायफाय चालतात का, हे इथेच तपासावे. स्कॅनर चालत नसेल तर दुसरा उसना आणून बघावा, मगच डिस्कला हात घालावा. आणि त्याआधी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर काढाव्यात. ही पायरी जो गाळतो तो पुढे रडतो.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये गिम्प शोधले की दोन नोंदी दिसतात. मिंट २२ मध्ये सिस्टिम पॅकेज म्हणून येते ते २.१०, फ्लॅटपॅक म्हणून येते ते नवे, ३ मालिकेतले. फ्लॅटपॅकचे डाउनलोड जड असते, पण नवे शिकणाऱ्याने तेच घ्यावे. डोंगलवर चालणारे विंडोजचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल या आशेवर राहू नये. त्यासाठी एक विंडोज यंत्र इंटरनेट तोडून बाजूला ठेवावे आणि जुन्या फाइली त्यावरून बीएमपीत काढून घ्याव्यात, जोवर ते यंत्र धड आहे तोवर.

आता खरा मुद्दा. गिम्प शिकवणारे बहुतेक जण फोटो शिकवतात: चेहरा उजळणे, मागचा देखावा पुसणे. जकार्डच्या डिझायनरला यातले जवळपास काहीच नको असते. त्याला हवा असतो ग्राफ, म्हणजे प्रत्येक चौकट एका रंगाची, कडा करकरीत, मधली सावळी छटा एकही नाही. सोलापुरात गिम्प नावडते झाले असेल तर ते इथेच. माणूस ब्रशने रेघ ओढतो, कडेला पाच-सहा फिकट छटा तयार होतात आणि पंचिंगला गेल्यावर गोंधळ उडतो. मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

ब्रश ठेवून पेन्सिल घ्यावी, आकार एक पिक्सेल. इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन चित्र इंडेक्स्ड करावे. तिथे रंगांची संख्या सुताच्या रंगांइतकीच ठेवावी आणि डिदरिंग ‘नन’ करावे. ते चालू राहिले तर दोन रंगांच्या मध्ये ठिपक्यांची रांगोळी उमटते. त्याहून चांगले म्हणजे आपल्या सुताच्या छटांचे स्वतःचे पॅलेट बनवून तेच लावणे. चित्र लहानमोठे करताना इंटरपोलेशनही ‘नन’ हवे. रंगाने निवड करताना थ्रेशोल्ड शून्य आणि अँटिअलायझिंग बंद. कच्चे चित्र मात्र आरजीबीमध्येच काढावे, कारण इंडेक्स्डमध्ये पुष्कळसे फिल्टर चालत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. समजा डिझाइन ४८० हुकांचे आहे, एका हुकावर एक ताणा. इंचाला ताणे ६०, बाणे ४०, आणि एका रिपीटमध्ये ७२० बाणे. कापडावर हा तुकडा ८ इंच रुंद आणि १८ इंच उंच भरतो. संगणक मात्र पिक्सेल चौरस धरतो, त्यामुळे पडद्यावर त्याची उंची रुंदीच्या दीडपटच दिसते. पडद्यावर २४० बाय २४० पिक्सेलचे गोल फूल काढले तर कापडावर ते ४ इंच रुंद आणि ६ इंच उंच होते. फुलाचे अंडे होते. हाताने ग्राफ काढणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच ग्राफचा कागद ८ बाय १०, ८ बाय १२ अशा वेगवेगळ्या मापांत मिळायचा. घण, म्हणजे इंचातले ताणे-बाणे, पाहून कागद निवडला जायचा.

तो कागद गिम्पमध्ये आहे. प्रिंट साइझमध्ये जाऊन आडव्या आणि उभ्या रिझोल्यूशनमधली साखळी तोडावी, आडव्याला ६० आणि उभ्याला ४० लिहावे, मग व्ह्यू मेनूतले ‘डॉट फॉर डॉट’ बंद करावे. चित्रातला एकही ठिपका न हलता पडद्यावरचा पिक्सेल लांबट होतो आणि कापडावर दिसेल तसे डिझाइन समोर येते. महागड्या टेक्स्टाइल पॅकेजात ज्या गोष्टीचे कौतुक केले जाते ती इथे दोन मेनूंत होते. हे माहीत नसलेल्या डिझायनरांची संख्या मोठी असणार, आणि चूक त्यांची नाही. फोटोवाल्याला याची गरजच नसल्यामुळे ते शिकवलेच जात नाही.

रिपीटसाठी लेअरच्या ऑफसेटमध्ये अर्ध्या रुंदी-उंचीने सरकवायचे बटण आहे. सांधा कडेवरून मधोमध येतो, तिथे तो मिटवता येतो. सिमेट्री पेंटिंगमध्ये टायलिंग निवडून अंतर भरले तर एका जागी काढलेली पाकळी त्याच क्षणी सगळ्या रिपीटमध्ये उमटते. आरसा निवडला तर वेलीची डावी बाजू काढता काढता उजवी तयार होते.

आणि वीण. साटीन, ट्विल, साधी वीण यांचे छोटे तुकडे, समजा ८ बाय ८ चे, काळ्या-पांढऱ्यात काढून ठेवावेत. तुकडा कॉपी केला की पॅटर्नच्या यादीत क्लिपबोर्ड म्हणून तो हजर होतो. डिझाइनमधला एक रंग निवडायचा, ‘फिल विथ पॅटर्न’ म्हणायचे, आणि त्या रंगाच्या साऱ्या जागी वीण भरते. पॅलेटमध्ये काळा-पांढरा आधीपासून असायला हवा, एवढे भान ठेवावे. सगळे रंग असे भरून झाले की चित्र एक बिटाचे करायचे आणि बीएमपी म्हणून एक्सपोर्ट करायचे. काळा ठिपका म्हणजे हुक वर, पांढरा म्हणजे खाली. लिओंच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ मध्ये भोके पाडलेल्या कार्डांतून मागाला हीच भाषा शिकवली होती. १८३९ मध्ये त्याच पद्धतीने सुमारे २४ हजार कार्डे वापरून त्याचे रेशमी चित्र विणले गेले, आणि संगणकाची कल्पना करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने ते आपल्याकडे बाळगले होते. संगणकाने ठिपक्याची विद्या मागावाल्याकडून उचलली. सोलापूरच्या डिझायनरने संगणकापुढे बुजण्याचे काही कारण नाही.

गिम्पला जमत नाही तेही सांगायला हवे. लांब सुटलेला धागा, म्हणजे फ्लोट, ते दाखवून देत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो, आणि तीन-चार रंगांच्या दुहेरी चादरीत ते कष्टाचे आहे. थेट इलेक्ट्रॉनिक जकार्डच्या कंट्रोलरची फाइल ते बनवत नाही. त्यासाठी कंट्रोलरसोबतचे सॉफ्टवेअर लागते, किंवा डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनने विणकरांसाठी तयार केलेले डिजिबुनाई हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पाहावे, ज्यात डॉबी आणि जकार्ड दोन्हींचा विचार आहे. ज्यांना पैसे मोजून पूर्ण टेक्स्टाइल पॅकेजच हवे आहे त्यांनाही लिनक्स सोडावे लागत नाही: स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना शहरात बनणारे ॲराहवीव्ह कितीतरी वर्षे लिनक्सवरच चालत आले आहे. चादरीचे लेबल आणि खोक्याची छपाई ही आणखी एक अडचण. गिम्प थेट सीएमवायके रंगांत काम करू देत नाही, ३.० मध्ये सीएमवायकेत एक्सपोर्ट होते, पण खोक्याचे काम इंकस्केप आणि स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरांवर नेलेले बरे.

लेबलावरच्या मराठीचे मात्र गिम्पमध्ये भलेच होते. युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे ते नीट जुळवते. ‘विठ्ठल’ आणि ‘सिद्धेश्वर’ तुटत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तेवढा बदलून घ्यावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ हा फॉन्ट लेबलाला शोभतो.

‘धंद्याचे काम फुकटच्या सॉफ्टवेअरवर टाकणार का?’ हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो आणि त्याला गंभीर उत्तर आहे. केरळातले ‘जनयुगम्’ हे मल्याळम दैनिक २०१९ मध्ये संपूर्ण मुक्त सॉफ्टवेअरवर गेले. पाने स्क्रायबसमध्ये, छायाचित्रे गिम्पमध्ये, रेखाटने इंकस्केप आणि क्रितामध्ये, संगणकांवर लिनक्स. दैनिकाला रोज रात्री ठरलेल्या वेळी पान सोडावे लागते. चुकले तर दुसऱ्या दिवशी वाचकाच्या हातात अंक नसतो. चादरीचे नवे डिझाइन दोन दिवस उशिरा गेले तर कारखानदार ओरडेल, पण माग जुन्या कार्डांवर चालू राहील. ज्यांच्यावर जास्त ताण होता त्यांनी हे केले. त्यांना जमले ते आधी शिकवणी घेतल्यामुळे, आणि अडले तर विचारायला माणसे असल्यामुळे. सोलापुरात कमतरता आहे ती याचीच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिम्पचे धडे मराठी आवाजात आहेत. सुरुवातीला ते पुरतात. पुढचे, म्हणजे हुक, घण आणि विणीचे, मागाशेजारी बसूनच शिकावे लागेल. दोन-तीन कारखान्यांच्या डिझायनरांनी रविवारी एकत्र बसून एकमेकांना दाखवले तरी पुष्कळ होईल.

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाला मिळाले, गावाला मिळाले. चादरीवरच्या मोराचा कागद ज्याने काढला त्याची नोंद कुठेच नाही. डिझाइन कायदा २००० प्रमाणे नव्या डिझाइनची नोंदणी केली तर दहा वर्षे, आणि मुदत वाढवून आणखी पाच वर्षे हक्क राहतो. पण आपले काम तारखेसह, लेअरसह, उघडता येईल अशा रूपात हाताशी असेल तरच त्या नोंदणीच्या मागे लागता येते.

म्हणून लिनक्स बसवल्यावर पहिले काम नव्या डिझाइनचे नको, त्या पत्र्याच्या पेटीचे असावे. ग्राफ सपाट करून ३०० डीपीआयवर स्कॅन करावा. कागद मोठा असेल तर तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यात दोन-चार ओळी सामाईक ठेवून. मूळ स्कॅन पीएनजीमध्ये जसाच्या तसा राखावा. मग प्रतीवर पर्स्पेक्टिव्हच्या साधनाने वाकडा कागद सरळ करावा, ग्राफच्या कडेला अचूक कापावे, आणि चौकटी जितक्या तितके पिक्सेल होतील असे इंटरपोलेशनशिवाय लहान करावे. शाई पसरलेल्या चौकटी पेन्सिलने हाताने दुरुस्त कराव्या लागतात. एका मोराला एक दुपार जाते. मग इंडेक्स्ड, मग गिम्पच्या एक्ससीएफ रूपात जतन. फाइलच्या नावात हुक, बाणे आणि साल असावे. इमेज प्रॉपर्टीजमध्ये कॉमेंटची जागा रिकामी असते. तिथे ग्राफ काढणाऱ्याचे पूर्ण नाव लिहावे.