निम्मं मीठ, निम्मी कटकट?

मीठ हा सातारा-सांगलीकडं पिठल्यात घालायचा जिन्नस आहे, मासा पाळायचा नव्हे, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आमचे सांगलीचे मेहुणे विरुद्ध पक्षाचे. ‘‘दाजी, समुद्राची टाकी झेपत नसेल तर खाडीची ठेवा. निमखारं पाणी, निम्मं मीठ, निम्मी कटकट!’’ या हिशेबावर विसंबून मी साताऱ्यात शंभर लिटरची टाकी मांडली.

मिठापुरता हिशेब खरा आहे, हे कबूल. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार. म्हणजे माझ्या टाकीला साडेतीन किलो. तेही वाण्याकडचं मीठ चालत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं खास लागतं. वर प्रवाळातल्या माशाला पाणी हवं पंचवीस-सव्वीस अंशांचं, आणि सांगलीचा एप्रिल टेकलेला चाळिशीला! निमखाऱ्याचं एक तृतीयांश मिठात भागतं. शिवाय खाडीचा मासा भरती-ओहोटीत वाढलेला. खारटपणा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालवून घेतो.

पण कटकट निम्मी? अहो, टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. तेव्हा घटलेलं पाणी गोड्या पाण्यानंच भरायचं, ही अक्कल मला दोन मासे गेल्यावर आली. तोवर मी दर खेपेला मिठाचंच पाणी ओतत होतो! माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जंतू तयार व्हायला दोन्ही टाक्यांना चार-सहा आठवडे लागतात. तिथं निमखाऱ्याला सूट नाही. त्यातून दुकानातला बोटभर स्कॅट मोठेपणी फूटभर होतो आणि आणखी खारं पाणी मागतो. म्हणजे खाडीच्या वाटेनं गेलात तरी शेवटी समुद्र आहेच!

1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ते मुंबईत, मरीन ड्राइव्हवर; कोरेगावात नव्हे. त्या लोकांना काही कळत असणारच.

धाकटीनं ते दोन मासे जास्वंदीखाली पुरले आणि विचारलं, ‘‘बाबा, खारट जास्त झालंय हे त्यांनी सांगायचं कसं?’’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

दुधाला लॅक्टोमीटर लावणारा आपला मुलूख. तोच न्याय टाकीला. दर आठ दिवसांनी हायड्रोमीटर बुडवायचा ज्याला कंटाळा, त्यानं समुद्रही आणू नये आणि खाडीही. हे मी मेहुण्यांना खडसावून कळवलं.

उलट निरोप आला, ‘‘दाजी, रिकामी टाकी पाठवून द्या. हळद ठेवायला होईल.’’