बुकिंगची रक्कम ही उधारीच आहे

हरिहरेश्वर-श्रीवर्धन भागातील कित्येक घरांची कमाई मुंबईतून आणि आखातातून येते आणि तिच्यातून बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे बुकिंग होते. तेव्हा बिल्डर कंपन्यांचे दिवाळे का निघते, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. साठ दिवसांच्या उधारीवर उचललेला माल सहा महिने पडून राहिला, तर गोदाम भरलेले असूनही पेढी बसते. बिल्डरचे गणित हेच आहे. तो कर्ज काढून जमीन घेतो. परवानग्या, बांधकाम, विक्री यांत वर्षे जातात, व्याज मात्र लगेच चढू लागते. विक्री मंदावली की जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढले जाते आणि एका इमारतीचा पैसा दुसरीत घातला जातो. कागदावर जमीन कोट्यवधींची असते, पण हप्ता रोकडीनेच फेडावा लागतो.

मुंबईच्या एचडीआयएलचे उदाहरण पाहा. २००७ मध्ये तिला विमानतळाच्या जागेवरील झोपडपट्टी पुनर्वसनाचे प्रचंड काम मिळाले. २०१३ मध्ये तो करार रद्द झाला, कर्जे मात्र राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये या एकाच समूहात अडकले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्यांनी फ्लॅट घेतलाच नव्हता, तेही अडकले.

कायद्याने थोडा आधार दिला आहे. रेरा कायद्याप्रमाणे खरेदीदारांच्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावे लागतात. नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. २०१८ पासून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत फ्लॅटधारक वित्तीय धनको मानला जातो. पण धनकोच्या यादीत नाव आले म्हणून घराची चावी हाती येत नाही.

म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी आहे काय? जमीन कोणाकडे गहाण आहे? त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारती वेळेवर पूर्ण झाल्या काय? गावच्या ओळखीच्या एजंटाच्या शब्दावर वीस वर्षांची कमाई सोपवू नये. गिऱ्हाइकाला एक ठाण उधार देताना आपण त्याची मागची उधारी तपासतो. बिल्डरला लाखो रुपये देताना निदान तेवढे तरी तपासावे.