हात हलला नाही, एवढ्यावरून

डोक्याला मार लागून कोमात गेलेला रुग्ण काही आठवड्यांनी डोळे उघडतो. झोपतो, जागा होतो, जांभई देतो. पण हाक मारली तर वळत नाही, ‘हात दाबा’ म्हटलं तर दाबत नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर घरच्यांना सांगतात, ‘पेशंट रिस्पॉन्ड करत नाही.’ हे वाक्य खरं असतं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्याचा अर्थ सरकत जातो आणि घरात, केसपेपरवर, कधी कोर्टातही ते ‘आत कुणी उरलेलं नाही’ असं वाचलं जातं. पहिल्या वाक्यातून दुसरं निघत नाही, आणि ते निघतं असं धरून चालणं आता अज्ञानाच्या नावावर खपवता येणार नाही, एवढं मला इथे मांडायचं आहे.

पूर्वपक्ष आधी नीट ऐकला पाहिजे, कारण तो उथळ नाही. समोरच्याला जाणीव आहे हे आपण त्याच्या बोलण्या-वागण्यावरूनच ओळखतो. दुसरी खिडकी आपल्याला नाही. ग्लासगोचे ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये या अवस्थेला ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव दिलं, तेही लक्षणं पाहूनच: जाग आहे, पण परिसराशी अर्थपूर्ण व्यवहार नाही. पूर्वपक्षाचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं असा व्यवहार दिसला नाही तर जाणीव नाही असंच म्हणावं लागेल. नाहीतर दगडालाही जाणीव आहे म्हणायला कोण अडवणार?

या युक्तिवादाचं उत्तर आपल्याकडच्या मीमांसकांनी फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. वस्तू आढळत नाही यावरून ती नाही, हे ज्ञान त्यांना मान्य होतं, पण एका अटीवर. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. दिव्याच्या उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. ही योग्यतेची अट आहे आणि सगळा वाद तिथेच ठरतो. दगडाच्या बाबतीत जाणिवेला जागा देणारी मेंदूसारखी रचनाच नाही. रुग्णाच्या बाबतीत ती आहे; तुटलेला असू शकतो तो मेंदूपासून स्नायूंपर्यंतचा रस्ता. ज्याला ऐकू येतं, कळतं, पण हात हलवता येत नाही, त्याच्यापाशी उभं राहून हात हलण्याची वाट पाहणं म्हणजे अंधारात घडा शोधणं.

२००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी दिवा लावून पाहिला. रुग्ण तेवीस वर्षांची तरुणी, आदल्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात सापडलेली. पाच महिने उलटले तरी तपासणीत व्हेजिटेटिव्ह अवस्थेच्या पलीकडचं काही आढळत नव्हतं. तिला एफएमआरआय यंत्रात ठेवून सांगण्यात आलं, ‘तुम्ही टेनिस खेळताय अशी कल्पना करा.’ हालचालींची आखणी करणारा मेंदूच्या वरच्या बाजूचा भाग सक्रिय झाला. मग सांगितलं, ‘आपल्या घरातल्या खोल्यांमधून फिरताय असं समजा.’ आता जागा आणि वाटा लक्षात ठेवणारे भाग सक्रिय झाले. हीच सूचना दिल्यावर निरोगी माणसांच्या मेंदूत जे दिसतं, तेच तिच्या मेंदूत दिसलं.

आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. ‘टेनिस’ हा शब्द कानावर पडला की मेंदूत आपोआप काहीतरी चाळवत असेल. त्याला इच्छा म्हणायची कशाला? याचं उत्तर प्रयोगाच्या घडणीतच आहे. शब्दामुळे आपसूक उठणारी हालचाल काही सेकंदांत विरते. इथे ती पुरी तीस सेकंद टिकली आणि ‘आता विश्रांती घ्या’ म्हटल्यावर थांबली. सूचना समजून घेणं, लक्षात ठेवणं, करत राहणं आणि सांगितल्यावर थांबणं एवढं ज्याच्याकडून होतं, त्याला आपण बाकी कुठेही प्रतिक्षिप्त क्रिया म्हणत नाही. ती व्यक्ती खाटेला खिळलेली आहे म्हणून निकष बदलायचा, हे मला मान्य नाही.

उरलीसुरली शंका चार वर्षांनी आणखी क्षीण झाली. केंब्रिज आणि बेल्जियममधल्या लिएज इथल्या गटांनी ५४ रुग्ण तपासले. त्यातल्या एका तरुणाला सांगितलं, उत्तर ‘हो’ असेल तर टेनिस खेळा, ‘नाही’ असेल तर घरात फिरा. मग घरच्या साध्या गोष्टी विचारल्या. तुमच्या वडिलांचं नाव अमुक का, अशा. सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरं बरोबर आली. सहाव्याला त्याच्या मेंदूत काहीच उमटलं नाही. चुकीचं उत्तर मात्र एकही नव्हतं. खाटेपाशी त्याच्याशी संवाद साधण्याचे सगळे प्रयत्न फसले होते, आणि या प्रयोगानंतरही तिथे संवाद जमला नाही. ऐकणारा, समजणारा, उत्तर देणारा माणूस आत होता आणि त्याच्या बोलण्याला बाहेर यायला वाटच नव्हती.

आता दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींना आवरलं पाहिजे. ‘म्हणजे प्रत्येक कोमातल्या माणसाला सगळं ऐकू येतं’ असे संदेश फिरतात आणि घरच्यांना नको त्या आशेवर टांगून ठेवतात. याच ५४ जणांपैकी सूचनेप्रमाणे मेंदूची हालचाल बदलू शकले ते फक्त पाच. कित्येकांच्या मेंदूची हानी इतकी खोल असते, की तिथे जाणीव उरलेली असण्याचा संभव फारच थोडा. ही हानी भरून येईल असं कुणी सांगू लागलं, तर तो दुःखाचा बाजार मांडतोय असं मी म्हणेन.

मात्र यंत्राने ‘नाही’ म्हटलं की प्रश्न मिटला, असंही नाही. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सहा केंद्रांवरच्या ३५३ रुग्णांचा अभ्यास आला. खाटेपाशी कुठलीही आज्ञा न पाळणारे २४१ जण होते; त्यातल्या ६० जणांनी, म्हणजे चारांतल्या एकाने, एफएमआरआयवर किंवा ईईजीवर आज्ञा पाळल्याचं दिसलं. या आकड्याची जगभर चर्चा झाली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो शेजारचा आकडा. उरलेले ११२ जण डोळ्यांदेखत आज्ञा पाळत होते, त्यांच्या जाणिवेबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण यंत्राच्या परीक्षेत त्यांच्यापैकी ४३ जणच उतरले. जाणीव असलेली बहुसंख्य माणसं इथे नापास झाली! तेव्हा यंत्राचा होकार हा पुरावा आहे, त्याचा नकार पुरावा नाही. अनुपलब्धीची अट यंत्रालाही सुटत नाही.

‘ही श्रीमंत देशांची चैन, आपल्याकडे एफएमआरआयची तारीख मिळायची मारामार,’ असं म्हणणारे डॉक्टर आपल्या अनुभवातूनच बोलत असतात. तरीही त्यांचा मुद्दा टिकत नाही, कारण बहुतेक चुका यंत्राअभावी होतच नाहीत. लिएजच्या गटाने २००९ साली दाखवून दिलं, की वैद्यकीय पथकाने एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांमध्ये जाणिवेच्या खुणा होत्या. त्या सापडल्या त्या ‘कोमा रिकव्हरी स्केल’ या खाटेपाशीच करायच्या, ठरावीक क्रमाच्या तपासणीतून. तिला लागणारं सामान कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळेल. नजर फिरते का हे पाहायला बोट किंवा पेन नव्हे, आरसा हलवायचा; कारण दुसऱ्या कशाच्याही मागे न फिरणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरते, असं आढळून आलं आहे. आणि हे एकदा करून भागत नाही. जाणीव उगवते-मावळते, सकाळी न दिसलेली खूण संध्याकाळी दिसते. म्हणून दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं, असं पुढच्या संशोधनाने सुचवलं. रुग्णाजवळ तासन्‌तास बसणारी आई किंवा नर्स ‘माझ्याकडे बघितलं त्यानं’ म्हणते, तेव्हा ते मनाचे खेळ म्हणून सोडून न देता केव्हा, कशावर, किती वेळा हे लिहून ठेवणं हीसुद्धा तपासणीच आहे.

मुंबईला हे परकं नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएममध्ये झालेल्या हल्ल्यानंतर अरुणा शानभाग बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात होत्या आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांचं अन्न थांबवण्याचा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांच्या समितीने म्हटलं, की व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष लागू होतात. रुग्णालयाचं म्हणणं होतं, की त्या अन्न घेतात, चेहऱ्यावरून प्रतिसाद देतात, सांगितलेल्यावर कधीमधी आवाजही काढतात. न्यायालयाने अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली. त्यांच्या मनात काय होतं, हे आज कुणीही सांगू शकत नाही आणि सांगण्याचा आव आणू नये. पण ‘बहुतेक निकष’ आणि ‘कधीमधी आवाज’ यांच्यामधली जागा परिचारिका रोजच्या रोज पाहत होत्या, आणि त्या पाहण्याला भावनिक गुंतवणूक म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी पुरावा म्हणजे काय याचा विचार केलेला नाही.

यावरून मी उपचार थांबवण्याच्या हक्काविरुद्ध आहे असा निष्कर्ष कुणी काढू नये. जाणीव आहे का हा एक प्रश्न, असं जगणं त्या माणसाला हवं असतं का हा वेगळा. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला, २०२३ साली त्याची पद्धत सुटसुटीत केली. दोन्ही मला पटतात. शिवाय जाणीव शिल्लक असणं हे दर वेळी जगवत ठेवण्याचंच कारण ठरत नाही. वेदना कळणाऱ्या माणसाबाबत उलटाही विचार होऊ शकतो. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसताना पहिल्याचं उत्तर ‘हात हलला नाही’ एवढ्यावरून गृहीत धरू नये.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. उपचार थांबवण्याच्या निर्णयासाठी वैद्यकीय मंडळासमोर जाणाऱ्या फायलीत तपासण्यांच्या तारखा आणि वेळा असाव्यात. गुंगीचं औषध शेवटचं कधी दिलं, रुग्णाला नीट ऐकू येतं का, हे लिहिलेलं असावं. सूचना कुठल्या भाषेत दिली तेही असावं, कारण जन्मभर मालवणीत किंवा अहिराणीत बोललेल्या आजीला इंग्रजीत ‘स्क्वीझ माय हँड’ म्हणणं ही तपासणीच होत नाही. त्या वेळी घरचं कोण हजर होतं आणि त्यांनी काय पाहिलं, यासाठी एक रकाना असावा, आणि तो घरच्यांना विचारूनच भरलेला असावा.