भरलेली कोंबडी करताय? पोटातला भात वेगळाच शिजवा

थंडी पडली की आपल्या अमरावती-अकोल्याकडे शेतातल्या पार्ट्या सुरू होतात. गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि खाणाऱ्यांसाठी मटणाची हंडी. चांदूरबाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा तर हंडी आणि रोडग्यांसाठीच लांबलांब प्रसिद्ध आहे. या बेतात अलीकडे एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहून मंडळी अख्खी कोंबडी आणतात, तिच्या पोटात मसालेभात, खिमा किंवा उकडलेली अंडी भरतात, दोऱ्याने शिवतात आणि विस्तवावर ठेवतात.

पार्टीला माझी हरकत नाही. कोंबडीलाही नाही. पण पोटात भरलेलं सारण ही पद्धत सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोंबडी वेगळी भाजा, भात वेगळा शिजवा आणि वाढताना ताटात एकत्र करा.

नेमका धोका कुठे आहे?

कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. कोंबडी साफ करताना ते मांसाला आणि पोटाच्या पोकळीला लागतात. "आमच्यासमोर कापलेली आहे, ताजी आहे," असं लोक सांगतात. पण ताजी म्हणजे निर्जंतुक नव्हे. हे जंतू निरोगी दिसणाऱ्या गावरान कोंबडीतही असू शकतात.

आता त्या पोकळीत आपण भात भरतो. कच्च्या मांसाचं पाणी सुटतं आणि भात ते शोषून घेतो. म्हणजे भरताना शिजलेला असलेला भात पुन्हा कच्च्या मांसाइतकाच धोक्याचा होतो. शिवाय उष्णता बाहेरून आत जाते. आधी कातडी, मग मांस आणि सगळ्यात शेवटी पोटातला भाताचा गच्च गोळा तापतो. हे जंतू खात्रीने मरण्यासाठी त्या गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान यावं लागतं. तोवर बाहेरचं मांस करपून कोरडं पडतं, म्हणून कोंबडी आधीच उतरवली जाते. कातडी खरपूस, मांस शिजलेलं आणि भात नुसता कोमट, अशी ती अवस्था असते.

रोडगे करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रोडगा वरून काळा झाला तरी आतून कच्चा असू शकतो, म्हणून जाणकार माणूस आधी एक फोडून पाहतो. पण कच्चं पीठ डोळ्याला दिसतं, भातातले जंतू दिसत नाहीत.

अमेरिकेतही हाच सल्ला

आपल्या भागातली अनेक मुलं आज अमेरिकेत आहेत. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग'ला टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात आणि त्याच्या पोटात पावाचं सारण भरण्याची जुनी रीत आहे. तिथलं कृषी खातं लोकांना सांगतं की सारण वेगळ्या भांड्यात शिजवणं अधिक सुरक्षित आहे. भरायचंच असेल तर सारणाच्या मध्यभागीही १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस झालं की नाही, ते थर्मामीटरने पाहा. तिथे तापमान ठरवता येणारी भट्टी असते. आपल्याकडे गोवऱ्यांचा विस्तव, तोही कुठे जास्त, कुठे कमी. मग आपण किती सांभाळायला हवं?

आपली हंडीच बरी

गंमत अशी की आपली जुनी हंडी या बाबतीत नव्या पदार्थापेक्षा सरस आहे. हंडीत मांसाचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती उकळता रस्सा बराच वेळ असतो. उष्णता पोहोचणार नाही असा कोपरा उरत नाही.

"पण भातात कोंबडीची चव कशी उतरणार?" हा प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे. मान, पंख आणि हाडं पाण्यात चांगली उकळा आणि त्या पाण्यात मसालेभात शिजवा. चव उतरते आणि भातही पूर्ण शिजतो.

शेतात जाताना एवढं पाळा

• कच्ची कोंबडी वेगळ्या झाकणाच्या डब्यात न्या. कोथिंबीर, कांदे आणि ती एका पिशवीत नकोत.
• कोंबडी कापलेल्या सुरीने आणि पाटावर कांदा-काकडी चिरू नका. साबण आणि हात धुण्यापुरतं पाणी सोबत ठेवा.
• कोंबडी मांडीच्या सांध्याजवळ, हाडापर्यंत शिजली पाहिजे. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो, तो घेतलेला बरा.
• शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत संपवा. उरलेलं पसरट, उथळ भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. भाताची विशेष काळजी घ्या. त्यातले बॅसिलस सेरियस जंतूंचे बीजाणू शिजवूनही उरतात, आणि कोमट भातात त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

त्रास झाला तर

भातातल्या विषाने अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या होतात. साल्मोनेलाचा त्रास साधारण सहा तासांपासून काही दिवसांपर्यंत कधीही, तर कॅम्पायलोबॅक्टरचा बहुधा दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. त्यामुळे रविवारच्या पार्टीचे जुलाब बुधवारी लागतात आणि दोष मंगळवारच्या वरणाला जातो. डॉक्टरांना मागच्या चार-पाच दिवसांचं खाणं सांगा.

जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्या. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती विरघळवा आणि घोट घोट पाजा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, ग्लानी किंवा पाणीही न टिकणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसं आणि मधुमेह किंवा किडनीचे रुग्ण यांच्या बाबतीत वाट पाहूच नका.

घरातला धडधाकट तरुण दोन दिवस जुलाब सोसून उठतो. त्याच ताटातला भात खाल्लेल्या आजीला किंवा दोन वर्षांच्या नातवाला मात्र सलाईन लावावं लागू शकतं. पार्टीला सगळं घर येतं, तेव्हा बेत त्यांच्या पोटाला झेपेल असा करा. त्यासाठी एक जास्तीचं पातेलं लागतं, एवढंच.