सहल कुटुंबाची, सुट्टी कोणाची?

"यंदा सगळ्यांना दिल्ली दाखवून आणतो," असं घरातला कर्ता पुरुष जाहीर करतो. पोरं नाचायला लागतात, शेजारीपाजारी हेवा करतात. या 'सगळ्यां'मध्ये घरातली बाई धरलेली आहे का, आणि धरली असेल तर कशासाठी, हे मात्र कुणी विचारत नाही. आपणही विचारत नाही. सहल म्हणजे चैन असं आपण मनाशी ठरवून टाकलंय. मारझोड, दारू, पोटगी, वनहक्काचे दावे एवढे प्रश्न समोर असताना सहलीवर काय लिहायचं, असं आपल्यातल्या बऱ्याचजणींना वाटेल. मला उलट वाटतं. घरात पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा, राबायचं कोणी आणि आराम कोणाचा, हे सहलीच्या एका बेतात जितकं उघडं पडतं तितकं एरवी वर्षभरात पडत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत मी बचत गटांबरोबर काम करते. धानपट्ट्यातल्या एका गटात अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. रक्कम पंचवीस हजार, कारण 'घरगुती'. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दिल्ली-आग्ऱ्याची सहल आहे. जाणार कोण? नवरा, दोन मुलगे, दीर आणि दिराचा मुलगा. कर्ज बाईच्या नावावर. हप्ते तिच्या तेंदूपत्त्याच्या मजुरीतून आणि लाडक्या बहिणीच्या दरमहा पंधराशेतून. आणि ती स्वतः? "मी गेली तं म्हशीले पाणी कोन पाजन? बुढीले कोन पायन?" चौदा वर्षांची मुलगीही जाणार नव्हती, आईला सोबत म्हणून ती घरी. मी हरकत घेतली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, परतफेड होते ना, मंग झालं." परतफेड झालीही. नियमाने सगळं बरोबर होतं. सरकारी अहवालात हे कर्ज महिला सक्षमीकरणाच्या आकड्यात मिळवलं गेलं असेल!

आता ज्या बायका जातात त्यांचं पाहू. बल्लारपूर हे दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरचं स्टेशन. तिथून दिल्लीला अठरा-वीस तास लागतात. भामरागड-एटापल्लीच्या बाईला ती गाडी गाठायलाच एक दिवस मोडतो. म्हणजे जाऊन-येऊन चार दिवस प्रवासाचे आणि तीन-चार दिवस पाहण्याचे. या आठवड्याची तयारी बाईच्या अंगावर महिनाभर आधी पडते. चिवडा, लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा. सासऱ्यांच्या गोळ्या, पोरांचे स्वेटर (आमच्याकडे पोरांना धड स्वेटर नसतो, उन्हाळ्याचे आम्ही बादशहा), सगळ्यांची आधार कार्डं, मागे राहणाऱ्यांसाठी दळणकांडण, गाईगुरांची सोय. यादी तिच्या डोक्यात असते. एक वस्तू विसरली तर सगळ्या डब्यासमोर बोलणी तीच खाते. तिकिटं काढली म्हणून सहलीचं श्रेय मात्र तिकिटं काढणाऱ्याचं.

खेड्यापाड्यांतून निघणाऱ्या स्वस्तातल्या यात्रागाड्यांची तऱ्हा तर और. बसच्या टपावर शिधा, भांडी आणि गॅसची शेगडी. मुक्काम धर्मशाळेत. पुरुष आंघोळी करून चहाची वाट बघत बसतात आणि बायका पहाटे चारला उठून पंचवीस-तीस माणसांच्या पोळ्या लाटतात. दुपारी कुतुबमिनारच्या हिरवळीवर त्याच बायका झोपलेल्या दिसतात आणि सोबतचे हसतात, 'एवढ्या लांब येऊन झोपा काढतात!' केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणाप्रमाणे घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७. ही मिनिटं घराचा उंबरठा ओलांडल्यावर कमी होत नाहीत. चूल धर्मशाळेत गेली एवढंच.

एक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. सहलीची तारीख ठरली की औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते. दिल्लीच्या जोडीला मथुरा-वृंदावन असलं तर वाढतेच. तारीख ठरवताना तिच्या पाळीचा हिशेब कुणी धरत नाही, ठरलेल्या तारखेला तिने आपलं शरीर वळवून घ्यायचं. या गोळ्या म्हणजे खडीसाखर नव्हे. ज्या बाईला रक्ताच्या गाठी होण्याचा धोका आहे तिने त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नयेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाला गाठींचा धोका मुळातच जास्त. त्यात थंडी, दमणूक आणि पाणी कमी पिणं यांनी तिचं दुखणं उसळतं. जानेवारीची दिल्ली, रात्रभरची बस, आणि वाटेत संडास नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही. तिच्या दुखण्याची तयारीच केल्यासारखं झालं की हे! बेत आखणाऱ्याच्या वहीत याची एकही ओळ नसते.

तारखांचंच घ्या. त्या ठरतात शाळेच्या सुट्टीवर आणि पुरुषाच्या रजेवर. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे धान कापणीला येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मेमध्ये तेंदूपत्ता, म्हणजे वर्षाची रोकड. जिच्या हातांवर हे तिन्ही हंगाम उभे आहेत तिला 'तुला कधी जमेल' असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. तिला विचारायला साठ दिवस पुरे आहेत, पण विचारायचं असतं कुणाला?

एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर जायचं म्हटलं की लगेच काळजीचा सूर लागतो. दिल्ली बायकांसाठी वाईट, १६ डिसेंबर २०१२ विसरलात का? आम्ही विसरलो नाही. आम्ही २६ मार्च १९७२ सुद्धा विसरलेलो नाही. त्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. देसाईगंज म्हणजे आपलं वडसा, जिथून गडचिरोली जिल्ह्यातली माणसं रेल्वेत बसतात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. ती मुलगी सहलीला गेली नव्हती. भावाने केलेल्या तक्रारीपायी घरच्यांबरोबर ठाण्यात आली होती. घरचे बाहेर थांबले होते. १९७८ मध्ये दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मथुरा खटला या नावाने आपण तो शिबिराशिबिरांतून शिकवतो. तेव्हा आपल्या गावात, आपल्या माणसांत बाई सुरक्षित आणि राजधानीत असुरक्षित, हे निदान आम्हाला तरी सांगू नका.

शिवाय याच बायका पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जातात. तेंदूपत्त्याला, सरपणाला जातात. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाच्या हल्ल्यात बायका मरतात, तरी उद्या पुन्हा जावंच लागतं. तेव्हा 'बाईमाणसाने एकटीने जाऊ नये' असं कुणी म्हणत नाही. कामाला निघालेली बाई धीट आणि फिरायला निघाली की अबला, हा कुठला न्याय? त्याच जंगलात ताडोब्याच्या फाटकातून दिल्ली-मुंबईची कुटुंबं जिप्सीत बसून वाघ बघायला येतात. फाटकाशेजारच्या गावातल्या बाईने वाघ पाहिला तो सरपणाची मोळी टाकून पळताना.

सरकारचं धोरणही घरापेक्षा फार वेगळं नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं. बायका माहेरी जाऊ लागल्या, बाजाराला जाऊ लागल्या, आणि 'बाया उगाच हिंडायला लागल्या' अशी कुरकुरही लगेच सुरू झाली. पण एसटी राज्यापुरती. रेल्वेत अठ्ठावन्न वर्षांवरच्या बाईला निम्मी सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये काढून घेतली. पुढे २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली, साठ वर्षांवरच्यांना माणशी तीस हजारांपर्यंत. म्हणजे साठी उलटल्यावर, देवाच्या दारी जायचं असेल तर सरकार पैसे देणार. तिशीतल्या, चाळिशीतल्या बाईने नुसतं बघायला म्हणून जावं हे कुठल्याच योजनेत बसत नाही. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने देशभर मोकळेपणी फिरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलाय. त्याला देवदर्शनाची अट नाही.

आता आपल्या चळवळीकडे वळते. आमच्या भागातल्या ज्या बायकांनी राजधानी पाहिली आहे त्यांतल्या कितीतरी मोर्च्यानेच गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पुढाकाराने हजारो बायका दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला हिवाळी अधिवेशनावर चालत गेल्या, शंभरावर किलोमीटर. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे एवढंच विचारते, की मोर्च्याने गेलेल्या बाईने उपराजधानी किती पाहिली? मोर्चे जिथे अडवतात त्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत. अंगणवाडी सेविका दिल्लीला जातात त्या जंतरमंतरला बसतात. तिला विचारा जंतरमंतर म्हणजे काय, ती म्हणेल धरण्याची जागा. तिथे पलीकडेच ग्रहतारे पाहायला बांधलेली अठराव्या शतकातली वेधशाळा आहे, हे तिला कुणी दाखवलेलं नसतं. आपल्या संघटनांनीही नाही. मोर्चा संपला की गाडीत बसवून परत. तिकिटाचे पैसे संघटनेचे, मग एक दिवस जास्त राहण्याची चैन कशाला, हा विचार आपल्याकडे इतका मुरलाय की तो घरातल्या पुरुषाचाच विचार आहे हेही लक्षात येत नाही. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला माणसाच्या गरजांमध्ये करमणूक शिकवली, पण उदाहरण कायम मुलांच्या मैदानाचं. बाईची करमणूक परीक्षेतही आली नाही.

बायकांना काही पाहायचं नसतं असंही नाही. त्याच गटात मी पुढच्या बैठकीत विचारलं, दिल्लीला गेलात तर काय पाहाल? आधी हसल्या. मग एकीला राष्ट्रपती भवन पाहायचं होतं, कारण तिथे आता आदिवासी बाई राहते. एकीला मेट्रो. तिला मी सांगितलं की मेट्रोत पहिला डबा फक्त बायकांचा असतो, तर तिचा विश्वास बसेना. एकीला संसद पाहायची होती. सरकारी यादीत नव्या संसदेतलं सागवान 'नागपूरचं' म्हणून नोंदलंय. नागपूरच्या बाजारात सागवान कुठल्या जंगलातून जातं हे आलापल्लीच्या बाईला विचारा. त्याच इमारतीत सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचा कायदा झाला आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेच्या नंतर, अशी मेख त्यातच मारून ठेवली. सागवान आधी पोचलं. मला विचाल तर मी हुमायूनची कबर दाखवीन. ती बांधवून घेतली त्याच्या विधवा राणीने, बेगा बेगमने. आपल्या चंद्रपुरातही अंचलेश्वर दरवाजाजवळ बिरशहाची समाधी आहे, ती राणी हिराईने बांधली आणि नवऱ्यामागे राज्यही चालवलं. चंद्रपूर तेव्हा राजधानीच होतं की! त्या समाधीवरून रोज बाजाराला जाणाऱ्या किती बायकांना आपण हे सांगितलंय?

पुरुष म्हणतील, आम्ही बायकांना घेऊन जातो तेही चुकतं का? नेणं चुकत नाही. पण घेऊन जायला बाई म्हणजे पेटी-बिछाना नव्हे. कर्ज तिच्या नावावर असेल तर तिकिटावरही तिचं नाव हवं. मुलगा जाणार असेल तर मुलगीही जाईल. तारीख तिला विचारून. स्वयंपाक वाटून, नाहीतर विकतचं खायचं, आणि त्याचे पैसे आधीच बेतात धरायचे. काय पाहायचं यात निदान एक दिवस तिचा. लाल किल्ला सोमवारी बंद आणि ताजमहाल शुक्रवारी, हे तिलाही ठाऊक हवं, म्हणजे 'तुला काय कळतं' म्हणायची सोय राहणार नाही. म्हशीचं काय? पुरुष गेले होते तेव्हा म्हैस तिने पाळली. ती गेली तर त्यांनी पाळावी. म्हशीला फरक पडत नाही.

हे सगळं घरात भांडून एकेकटीने मिळवायचं म्हटलं तर होणार नाही. म्हणून आमच्या भागातल्या चार गटांपुढे मी दोन ठराव ठेवले आहेत. सहलीसाठी कर्ज घ्यायचं तर कर्जदार बाई स्वतः जाणाऱ्यांत असली पाहिजे, नसेल तर कर्ज नाही. आणि गटाची स्वतःची सहल-बचत, दरमहा पन्नास रुपये, फक्त बायकांच्या जाण्यासाठी. पहिल्या ठरावावर दोन गटांत जोराचं भांडण झालं. एका गावात एका सदस्येचा नवरा बैठकीत येऊन बोलला. दुसरा ठराव तीन गटांनी मान्य केलाय, चौथ्यात चर्चा चालू आहे. धान निघाल्यावर आणि मोहफूल पडायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीत, बल्लारपूरहून निघायचं असं घाटतंय. अजून म्हाताऱ्यांना कोण पाहील, सिकलसेलच्या दोघींना थंडी सोसेल का, आणि तान्ही मुलं न्यायची का, हे ठरायचंय. तुमच्या गटांनी असं काही केलं असेल तर पैसे कसे जमवले आणि घरी काय उत्तरं दिलीत ते कळवा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आधी पाठवलीत तरी चालेल.