पाना उचलण्याआधी बादली उचला

कपाशीवर फवारणी सुरू झाली की केळापूर तालुक्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत पेट्रोलवर चालणारे जुने पंप येऊ लागतात. त्यांचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन शिकाऊ कारागिराला सोपे वाटते व तो लगेच पाना उचलतो. आमच्या मते त्याने आधी बादली उचलावी.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच विष टाकीत, नळीत व नोझलमध्ये चिकटून दुकानात येते. हातमोजे घालून टाकी व नळ्या साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय पंप उघडू नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये.

पुढचा क्रम साधा आहे. प्लगला ठिणगी येते का, पेट्रोल जुने झाले का, कार्बोरेटरचा जेट तुंबला का, दोरी ओढताना दाब लागतो का, हे पाहावे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळले नसेल तर पिस्टन जाम होतो. पण नुसत्या सफाईने भागत असताना गिऱ्हाइकाला पिस्टनचे बिल लावणे ही बेइमानी आहे.

इंजिन सुरू झाले म्हणजे काम संपले असेही नाही. टाकीत साधे पाणी भरून गळती तपासावी. गळका पंप मजुराच्या पाठीवर विष सोडतो. दुरुस्तीला आलेला माल आपल्याकडे अमानत असतो. इथे त्याच्यासोबत एक जीवही अमानत असतो. उस्तादांनी शागिर्दाला पहिला धडा हाच द्यावा. रोजीत बरकत यानेच येते.