ठिणगी न पडणारी शेगडी



गेल्या श्रावणात खानवेल येथे आप्तांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. सिल्वासाहून सुमारे २० किलोमीटर आत, साकरतोड नदीकाठचे हे गाव. पावसाळ्यात तेथील हवा इतकी दमट की काडी ओढावी तर गूलच गळून पडावा. म्हणूनच घरच्या मुलाने, कारखान्यातील पहिल्या पगारातून, आईसाठी आपोआप पेटणारी काचेची शेगडी आणली होती.

रविवारी मिस्साहून परतल्यावर मावशी चहाला लागल्या. बटण दाबून फिरवले. टकटक आवाज येऊ लागला, पण ज्योत दिसेना. मावशी तशाच वाकून वाट पाहत राहिल्या. आणि एकाएकी ‘भप्’ असा मोठा भडका! देवाच्या कृपेने कपाळावरचे केस तेवढे होरपळले.

“अरे, आवाज तर होत होता, मग पेटत का नव्हतं?” मावशींनी विचारले. प्रश्न अगदी मार्मिक होता.

शेगडीखालच्या लहानशा पेटीत दीड व्होल्टच्या सेलची शक्ती हजारो व्होल्टपर्यंत चढविली जाते. ती तारेने बर्नरशेजारच्या पिनेपर्यंत येते आणि पिनेच्या टोकापासून बर्नरच्या धातूवर उडी घेते. हीच ती ठिणगी. पिनेभोवती चिनीमातीचे वेष्टण असते. त्यावर पाणी वा उतू गेलेले दूध साचले, की वीज टोकापर्यंत जातच नाही. शेताच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडावे आणि पाणी पाटाने न जाता बिळातून वाहून जावे, तसेच हे. म्हणून आवाज होतो, पण ठिणगी योग्य जागी पडत नाही. मावशींकडे आदल्याच दिवशी दूध उतू गेले होते.

(हातातल्या लायटरची गोष्ट निराळी. त्याला बहुधा सेल लागत नाही. आतल्या स्फटिकावर हातोडीसारखा आघात होऊन वीज निर्माण होते. हा गुण पिएर क्युरी व त्यांचे बंधू झाक यांनी १८८० साली शोधून काढला.)

दुपारी शेगडी थंड झाल्यावर रेग्युलेटर बंद केला, सेल काढला आणि बर्नर उचलला. पीन व तिचे वेष्टण दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने साफ करून कोरड्या फडक्याने पुसले. पीन वाकवू नये. ती आणि बर्नर यांतील काही मिलिमीटरांचे अंतर बिघडले की सारेच बिघडते. नंतर सर्व भाग पंख्याखाली वाळविले आणि बर्नर त्याच्या खाचेत नीट बसविला. तो तिरका बसला तरी ठिणगी चुकते. सर्वच बर्नर रुसले असतील तर मात्र प्रथम सेल बदलून पाहावा. हात काढल्यावरही टकटक थांबत नसेल, तर बटणाखाली ओल शिरली असे समजावे. सेल काढून वाळू द्यावे.

रात्री खिडक्या उघड्या ठेवून, रेग्युलेटर बंदच असताना, अंधारात बटणे फिरवून पाहिली. साफ केलेल्या पिनेच्या टोकाशी निळी ठिणगी लखलखली. दुसऱ्या बर्नरची ठिणगी मात्र खाली, वेष्टणाच्या मधोमध चमकली. तेथे बारीक तडा होता. अशा पिनेला चिकटपट्टी लावण्याचा खटाटोप व्यर्थ. ती बदलावीच लागते, आणि ते काम कारागिराचे.

आता भडक्याविषयी. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. तो वर न जाता ओट्यावर, जमिनीलगत साचतो. चार-पाच सेकंदांत ज्योत न आल्यास बटण बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. तोवर विजेचे बटण लावूही नये, मालवूही नये. वास जात नसेल तर रेग्युलेटर बंद करून घराबाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. मावशी जवळजवळ अर्धा मिनिट उभ्या होत्या!

कारागीर शनिवारी येणार होता. तोवर त्या बर्नरपाशी मावशी आधी काडी धरीत, मग बटण फिरवीत. काडेपेटी आता घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवली जाते.